तक्रारीनंतरचे 90 दिवस

1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता; सगळा जंगलपट्टा चंद्रपुरातच मोडत होता. उच्च न्यायालयाने दोघांना दोषी धरले, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा तर्क होता. त्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

विद्यापीठांच्या स्वतःच्या आवारासाठी लैंगिक छळाविरुद्धचे नियम यायला मात्र 2016 उजाडले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल आणि त्याच विषयावरचा 2013 चा कायदा यांच्या पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक विद्यापीठ-महाविद्यालयाला अंतर्गत तक्रार समिती सक्तीची केली. लोक तिला आजही विशाखा समितीच म्हणतात.

समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, किमान निम्म्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतील. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही बसतात. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांना समितीत जागा नाही. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी 90 दिवसांत संपवायची. तोवर, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या शिक्षकाला त्या विद्यार्थिनीचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते. ताडोबाची अभ्याससहल असो की गॅदरिंग, नियम तिथेही लागू आहेत.

मुलगी 18 वर्षांखालची असेल, उदाहरणार्थ अकरावी-बारावीतली, तर पॉक्सो कायदा लागतो आणि पोलिसांना कळवावेच लागते. तिथे प्रकरण आपसात मिटवता येत नाही.

घाईने काय होते, हे गोव्यात दिसले. 2009 मध्ये गोवा विद्यापीठातील विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने सुनावण्या भराभर उरकल्या, अखेर त्याला बडतर्फ केले गेले. 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नव्हता, म्हणून चौकशी पुन्हा करण्याचा आदेश झाला. मुलींच्या तक्रारी खोट्या ठरल्या नव्हत्या. पद्धत चुकली होती. त्याची किंमत 14 वर्षांनीही त्या मुलींनाच मोजावी लागली. याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या समित्या खरोखर आहेत का, हे तपासायला सांगितले.

2011 मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आले आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये नागपूरऐवजी त्याला जोडली गेली. विद्यापीठ जवळ आले, पण माजरीसारख्या कोळसा खाणीच्या गावातून वरोऱ्याला किंवा चंद्रपूरला शिकायला जाणाऱ्या मुलीसोबत काही वाईट घडले, की घरात पहिला विचार येतो तो तिचे शिक्षण थांबवण्याचा. आयोगाचे नियम याच्या नेमके उलट सांगतात: सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहावर मुलांपेक्षा वेगळी बंधने लादता येत नाहीत. त्रास देणाऱ्याला आवर घालायचा, मुलीला घरी बसवायचे नाही.

म्हणून प्रवेश घेताना फीबरोबरच पालकांनी विचारावे: विशाखा समितीत कोण आहे, बाहेरचा सदस्य कोण, विद्यार्थी निवडून आले का? समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावणे संस्थेवर बंधनकारक आहे. तो दिसत नसेल, तर प्राचार्यांकडे लेखी मागा.