उंच आकाशाची पाहणी

गेवराईत रात्री मध्यमलहरींवर रेडिओ लावला, की दिवसा न लागणारी दूरची केंद्रेही ऐकू येतात. असे का व्हावे? सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील हवेचे काही कण सूर्यकिरणांमुळे विद्युत्भारित होतात. हा थर दिवसा रेडिओच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरळ होतो. मग त्या लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात.

या थराची पाहणी करणे मोठे कठीण आहे. तेथवर फुगे चढत नाहीत आणि इतक्या खाली उपग्रह फिरू शकत नाहीत. अग्निबाण जातो, पण क्षणभरच. म्हणून शास्त्रज्ञ रडारचे साहाय्य घेतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाच्या आवारात असे रडार उभारले. असे रडार आकाशात लहरी सोडते. विद्युत्भारित कणांवरून त्यांचा अल्पसा अंश परततो. तो जमिनीवरील निरनिराळ्या ग्राहकांवर किंचित मागेपुढे टिपला जातो. त्या फरकावरून तेथील वाऱ्याचा वेग व दिशा काढतात.

उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड बेटांवर १९९६ साली याहून बलाढ्य रडार सुरू झाले. सूर्याकडून येणाऱ्या विद्युत्भारित कणांना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ध्रुवप्रदेशाकडे वळविते. त्यांमुळे तेथील आकाश रंगीत प्रकाशाने उजळते. देखावा रम्य खरा, पण त्यामागील चुंबकीय वादळ कधी घातकही ठरते. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळामुळे कॅनडातील क्विबेक प्रांत सुमारे ९ तास विजेवाचून राहिला.

डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या उंचीशी आपल्या घरातील दिव्याचाही असा संबंध आहे!