उन्हाळ्यात म्हैस माजावर का येत नाही?

रावेर तालुक्यातील शेतकरी उन्हाळ्यात केळीच्या बागेला वाऱ्यापासून आडोसा करतो व पाण्याची पाळी चुकू देत नाही. म्हैस मात्र पुष्कळदा तापलेल्या पत्र्याखाली दुपार काढते. वैशाखात पारा 45 अंशांच्याही वर चढतो. काही महिने माज दिसला नाही, की ती भाकड ठरते व बाजारात उभी राहते. वस्तुतः अशा अनेक म्हशी वांझ नसतात. त्यांच्या मेंदूतून सुटणारा हुकूम क्षीण झालेला असतो.

मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा लहानसा भाग असतो. त्यातील काही मज्जापेशी 10 अमायनो आम्लांची एक साखळी तयार करतात. मज्जापेशींनी निर्माण केलेल्या अशा द्रव्यास न्यूरोपेप्टाइड म्हणतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून ते लगतच्या पोष ग्रंथीत पोहोचले, की ती ग्रंथी आपली संप्रेरके रक्तात सोडते. त्यांच्यामुळे अंडाशयात बीज पक्व होऊन बाहेर पडते. डुकरांचे व मेंढ्यांचे मेंदू प्रचंड संख्येने जमवून शॅली व गिलमँ या शास्त्रज्ञांनी या द्रव्याचा शोध घेतला. त्याची रचना 1971 साली उलगडली. मेंदूतील अशा पेप्टाइडांच्या संशोधनाबद्दल त्या दोघांना 1977 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हे द्रव्य अखंड वाहत नाही. पाळीने सोडलेल्या पाण्याप्रमाणे ते थांबून थांबून सुटते; सतत मारा झाल्यास पोष ग्रंथी त्यास दाद देईनाशी होते. उष्णतेचा ताण व अपुरा चारा यांनी या पाळ्या विस्कळित होतात. म्हशीची कातडी काळी, केस विरळ व घामाच्या ग्रंथी थोड्या, म्हणून तिला हा ताण गाईपेक्षा अधिक जाणवतो.

यास्तव आधी सावली व पाणी. छपरावर पाचट किंवा वाळलेली केळीची पाने घालावीत, दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी मारावे, डोह जवळ असल्यास डुंबू द्यावे. हिरवा चारा व खनिज मिश्रण चालू ठेवावे आणि वैरण थंड वेळी टाकावी.

कित्येकदा माज येतो, परंतु तो मुका असतो. म्हैस ओरडत नाही. वारंवार लघवी करणे, काचेसारखा चिकट सोट दिसणे व दूध कमी होणे एवढीच खूण मिळते, आणि तीही रात्री किंवा पहाटे. म्हणून निजण्यापूर्वी व पहाटे गोठ्यात एक फेरी अवश्य घालावी. संध्याकाळी माज दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. माज वाया गेला, तर पुढचा सुमारे 21 दिवसांनी अपेक्षित असतो.

वरील द्रव्य आता कृत्रिम रीतीने तयार होते व पशुवैद्य ते टोचून माज जुळवून आणू शकतात. तथापि उपाशी, तापलेल्या जनावराला केवळ सुईने गाभण करू पाहणे व्यर्थ होय. शिवाय या उपचारात सातव्या दिवशी प्रोस्टाग्लॅंडिन हे दुसरे औषध टोचतात व त्याने गर्भपात होऊ शकतो. माज न दाखविणारी म्हैस कधी कधी गाभणच असते. म्हणून पशुवैद्याकडून गर्भतपासणी झाल्याखेरीज सुई टोचू देऊ नये.