हत्तीरोगाचा कृमी, मध्यरात्रीचे रक्त आणि पीएच.डी.चा प्रबंध

गोंदिया शहराजवळचे नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीला लोटणाऱ्या गर्दीसाठी ओळखले जाते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा सारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. मात्र पूर्व विदर्भाच्या या पट्ट्याची आणखी एक, फारशी अभिमानास्पद नसलेली ओळख आहे. ती म्हणजे हत्तीरोग. या रोगाने माणूस सहसा दगावत नाही. पण पाय सुजून जड होतो, पुरुषांना अंडवृद्धी होते, मजुरीचा दिवस बुडतो आणि चारचौघांत वावरणे नकोसे होते.

या रोगाचा आणि जीवरसायनशास्त्रातील किंवा रोगप्रतिकारशास्त्रातील पीएच.डी.चा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. प्रबंध म्हणजे पदवीपुरता लिहायचा आणि नंतर ग्रंथालयात धूळ खात पडायचा, असा समज आपल्याकडे रूढ आहे. हत्तीरोगाच्या निदानाचा इतिहास पाहिला तर हा समज किती अपुरा आहे, हे ध्यानात येते. एका साध्या प्रश्नाभोवती हा इतिहास फिरतो. समोरच्या माणसाच्या शरीरात या क्षणी जिवंत कृमी आहे की नाही?

रात्रीचाच आग्रह का?

आपल्याकडील हत्तीरोग प्रामुख्याने वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या दोऱ्यासारख्या कृमीमुळे होतो. पूर्ण वाढलेली मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते. नर-मादी शरीरातील लसीकावाहिन्यांत कित्येक वर्षे राहतात आणि लक्षावधी सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडतात. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. १८७२ मध्ये कोलकात्यात टिमोथी लुईस यांनी ती माणसाच्या रक्तात पाहिली. १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासाच्या शरीरात वाढतात, हे दाखवले. ही पिल्ले दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात, हेही मॅन्सन यांच्याच निरीक्षणांतून पुढे आले. रोग पसरवणारा क्यूलेक्स डास रात्रीच चावतो. गटारे, शौचखड्डे, साचलेले सांडपाणी ही त्याची आवडती जागा. म्हणूनच हा रोग केवळ खेड्यांचा नाही, तर शहरांचाही आहे.

याचा परिणाम असा, की रक्ताची तपासणी रात्रीच करावी लागते. आरोग्य कर्मचारी रात्री वस्तीत जातात, झोपलेल्यांना उठवतात, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतात. लोक कुरकुरतात, दार उघडत नाहीत. शिवाय पिल्लांची संख्या कमी असेल तर ती सूक्ष्मदर्शकाखाली सुटून जातात. ज्यांचा पाय सुजलेला आहे, अशा अनेक रुग्णांच्या रक्तात तर पिल्ले सापडतच नाहीत. थोडक्यात, ही पद्धत खर्चीक, कष्टाची आणि तरीही अपुरी आहे.

सेवाग्रामची प्रयोगशाळा

दिवसा घेतलेल्या रक्तावरून निदान करता येईल का, या प्रश्नावर विदर्भातच दीर्घकाळ काम झाले, ही बाब फारशी ठाऊक नसते. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तेथील जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या मार्गदर्शनाखाली हत्तीरोगावरील संशोधनाची परंपरा उभी राहिली. पुढे जमनालाल बजाज यांच्या नावाचे उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र तेथे आकाराला आले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथून या विषयावरील शोधनिबंध प्रसिद्ध होऊ लागले.

अशा प्रयोगशाळेत पीएच.डी.चा विद्यार्थी नेमके काय करतो? रोगवाहक व्यक्तींच्या संमतीने रात्री रक्त घेतले जाते. त्यातील पिल्ले गाळून, धुऊन पोषक द्रवात जिवंत ठेवली जातात. ही पिल्ले द्रवात काही प्रथिने स्रवतात. तो द्रव रोज गोळा करायचा आणि त्यातील प्रथिने आकारमान व विद्युतभारानुसार वेगळी करायची. मग त्यांपैकी कोणते प्रथिन रुग्णांच्या रक्ताला ओळखू येते आणि निरोगी माणसाच्या रक्ताला येत नाही, हे शेकडो नमुन्यांवर पडताळायचे. यासाठी १९७१ मध्ये स्वीडनमध्ये विकसित झालेली एलायझा ही रंगबदलावर आधारलेली चाचणी उपयोगी पडली. मात्र अडचण तेथेही असते. पोटात साधे जंत असलेल्या माणसाचे रक्तही कधीकधी तोच रंग दाखवते. त्यामुळे खरी वर्षे जातात ती ‘हो’ म्हणणारी चाचणी शोधण्यात नव्हे, तर चुकीचे ‘हो’ वगळण्यात. एका प्रबंधातून बहुधा एखाद्या प्रथिनाविषयीचे एखादेच विधान सिद्ध होते. पण पुढचा संशोधक त्याच विधानावर उभा राहतो.

खूण रोगाची की कृमीची?

येथे रोगप्रतिकारशास्त्रातील एक भेद समजून घेतला पाहिजे. परक्या जीवाच्या अंगच्या पदार्थाला प्रतिजन म्हणतात आणि त्याच्याविरुद्ध आपले शरीर जे प्रथिन तयार करते, त्याला प्रतिपिंड. रक्तात प्रतिपिंड सापडले तर कृमीशी कधीतरी गाठ पडली होती, एवढेच कळते. कृमी मेल्यावरही प्रतिपिंड बराच काळ टिकतात. जिवंत कृमीचा पुरावा हवा, तर प्रतिजनच शोधला पाहिजे. त्यासाठी एकच एक लक्ष्य ओळखणारे, एकजिनसी प्रतिपिंड लागते. ते तयार करण्याचे तंत्र १९७५ मध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी दिले. त्यांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथील संशोधकांनी गुरांमधील एका कृमीविरुद्ध तयार केलेले असे प्रतिपिंड माणसातील हत्तीरोगाचा प्रतिजनही पकडते, हे दाखवले. अशाच कामातून पुढे झटपट चाचण्या आल्या. आता बोटातील काही थेंब रक्त पट्टीवर टाकले की सुमारे दहा मिनिटांत निकाल मिळतो, तोही भरदिवसा.

कृमीची मुत्सद्देगिरी

दुसरा प्रश्न त्याहून गहन आहे. एवढा मोठा परका जीव शरीर वर्षानुवर्षे सहन कसे करते? उत्तर असे, की कृमी आपल्या संरक्षणयंत्रणेला शांत राहायला लावतो. इंटरल्यूकिन-१० सारखी दाह रोखणारी रसायने वाढतात, नियंत्रक टी-पेशी सक्रिय होतात आणि आयजीजी-४ या सौम्य प्रकारच्या प्रतिपिंडांचे प्रमाण चढते. अशी व्यक्ती बाहेरून ठणठणीत दिसते, पण डासांमार्फत रोग पसरवत राहते. ज्यांच्यात हा तह मोडतो, त्यांच्यात दाह होऊन लसीकावाहिन्या निकामी होतात आणि पाय सुजतो. म्हणजे सुजलेला पाय दिसतो तो रुग्ण, पण संसर्गाचा साठा बहुधा धडधाकट शेजाऱ्याच्या रक्तात असतो. ‘मला काही झालेले नाही, मग गोळी का घेऊ?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

हत्तीरोगावरील डीईसी हे जुने औषधही एकटे फारसे काही करत नाही. परीक्षानळीत ठेवलेली पिल्ले त्याने सहज मरत नाहीत. शरीराच्या संरक्षणयंत्रणेची साथ मिळाली की मात्र ती झपाट्याने नष्ट होतात. गोळ्या घेतल्यावर काहींना ताप, डोकेदुखी, अंगदुखी होते, त्याचे कारणही बहुतेकदा हेच. मरणाऱ्या पिल्लांना शरीर दिलेली ती प्रतिक्रिया असते आणि ती साधारणतः एक-दोन दिवसांत ओसरते. या त्रासाच्या धास्तीनेच सामुदायिक औषधोपचार मोहिमेत अनेक जण गोळ्या घेतात, पण गिळत नाहीत.

पुन्हा रात्र

भारतात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. २०२७ पर्यंत देशातून हा रोग हटवण्याचे उद्दिष्ट आहे. डीईसी व अल्बेंडाझोल यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याची तीन औषधांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सुचवली आणि महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून सुरू झाली. या उपचाराने रक्तातील पिल्ले दीर्घकाळ नाहीशी होतात.

पण येथे एक पेच उभा राहतो. तीन औषधांनी प्रौढ कृमी बऱ्याचदा मरत नाही, तर वांझ होतो. तो जिवंत असल्याने प्रतिजन चाचणी ‘हो’ म्हणतच राहते, वस्तुतः त्याच्यापासून संसर्गाचा धोका उरलेला नसतो. मग गावातील औषधोपचार थांबवायचे की नाही, हे ठरवण्यासाठी प्रतिजन सापडलेल्यांचे रक्त पुन्हा रात्रीच तपासावे लागते. दीडशे वर्षांपूर्वी मॅन्सन यांनी दाखवलेली वाट अजून सुटलेली नाही. कृमी जिवंत आहे, एवढे सांगून भागणार नाही. तो पिल्ले सोडत आहे की नाही, हे दिवसाच्या रक्तावरून सांगणारी खूण हवी आहे. जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विदर्भातील विद्यार्थ्याला विषयासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. तो त्याच्या गावच्या गटाराकाठी वाट पाहत आहे.

तोवर नागरिकांचे काम सोपे आहे. मोहिमेत गोळ्या मिळाल्या, तर त्या कर्मचाऱ्यासमोरच आणि जेवणानंतर घ्याव्यात. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्यातून वगळले जाते. इतरांनी टाळण्याचे कारण नाही. आणि रात्री कुणी आरोग्य कर्मचारी रक्ताचा थेंब मागायला आला, तर त्याला दारातून परत पाठवू नये. त्या थेंबाला पर्याय शोधण्यासाठी प्रयोगशाळेत कुणीतरी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घालत आहे आणि त्याच्या संशोधनाची सुरुवातही त्याच थेंबापासून होते.