स्वादुपिंडाचा ठाव

समाचाराला आलेला पाहुणा हल्लीं दोन प्रश्न हटकून विचारतो : ‘सोनोग्राफी केली का?’ आणि ‘दुर्बीण घातली का?’ दोन्ही तपासण्या झाल्या, दोन्हींत कांहीं सांपडलें नाहीं, आणि रोग्याची वेदना मात्र कायम राहिली, असेंहि पुष्कळ घरांनीं अनुभवलें असेल. श्रोतेहो, हीं दोन साधनें एकाच नळीच्या टोकाशीं एकत्र आणलीं तर काय साधतें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

दुर्बीण हा मुळांत एक डोळा आहे. १८६८ सालीं जर्मनींतील फ्रायबर्ग येथें अडोल्फ कुसमौल या वैद्यानें तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशांतून ताठ नळी जठरापर्यंत उतरविली. परंतु उजेड अपुरा असल्यामुळें त्याला फारसें दिसलें नाहीं. १९५७ सालीं बेसिल हर्शोविट्झ यांनीं कांचेच्या सूक्ष्म तंतूंची लवचिक दुर्बीण प्रथम स्वतःच्या घशांत उतरवून दाखविली, तेव्हां तलवार गिळणाऱ्यांची गरज संपली. तथापि डोळा कितीहि तीक्ष्ण झाला तरी त्याला दिसतो तो भिंतीचा रंग. भिंतीच्या आंत काय दडलें आहे आणि पलीकडच्या खोलींत काय चाललें आहे, तें त्याला कळत नाहीं.

स्वादुपिंड नेमकें या पलीकडच्या खोलींत राहतें. जठराच्या मागें आणि पाठीच्या कण्याच्या पुढें आडवा पसरलेला, सुमारें १५ सेंटिमीटर लांबीचा हा अवयव पाचक रस व इन्शुलिन निर्माण करतो. त्याचें डोकें लहान आंतड्याच्या पहिल्या वळणांत, म्हणजे ग्रहणीच्या कवेंत, विसांवलेलें असतें, शेपूट प्लीहेपाशीं पोंचतें, आणि पित्त वाहून नेणारी नळी बहुधा याच डोक्यांतून जाते. पोटावर बाहेरून यंत्र फिरवूं लागलें कीं जठर व आंतडीं यांतील वायु आड येतो, कारण ध्वनिलहरी वायूंतून पुढें न जातां मागें फिरतात.

भिंतीपलीकडचें बोलणें अंगणांतून ऐकूं येत नसेल, तर घरांत शिरून भिंतीला कान लावावा, हा उपाय कोणासहि सुचेल. १९८० सालीं अमेरिकेंत व जर्मनींत दुर्बिणीच्या टोंकाला ध्वनियंत्र जोडून तोच करण्यांत आला. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. येथें बहुधा ५० लक्ष ते १ कोटि २० लक्ष कंपनांचा ध्वनि वापरतात. कंपनें जितकीं अधिक तितका तपशील सूक्ष्म, पण ध्वनीची धांव तितकीच आंखूड. बाहेरून पाहणाऱ्याला दूरवर पोंचावयाचें असल्यामुळें सूक्ष्मतेवर पाणी सोडावें लागतें. आंत जाऊन बसलेल्याला तें लागत नाहीं. डोळ्याला सलग अस्तरासारखी भासणारी जठराची भिंत येथें काळ्यापांढऱ्या पांच थरांची दिसते, आणि एखादी गांठ कोणत्या थरांतून उगवली तें सांगतां येतें. पित्तनलिकेंतील दोन-तीन मिलिमीटरांचा खडा, जो सी. टी. च्या चित्रांतून अनेकदां निसटतो, तोहि बहुधा सांपडतो.

आतां एक उदाहरण घेऊं. साठीच्या एका गृहस्थांना कावीळ झाली आहे, पण पोटांत दुखत नाहीं. सी. टी. मध्यें स्वादुपिंडाच्या डोक्यांत गांठ दिसते, आणि घरांतील माणसें एक शब्द टाळून बोलूं लागतात. तो कर्करोग असेल व पसरलेला नसेल, तर शस्त्रक्रिया मोठी : स्वादुपिंडाचें डोकें, ग्रहणी, पित्ताशय व पित्तनलिकेचा भाग काढून उरलेलें पुन्हां जोडावयाचें. परंतु शरीराची प्रतिकारशक्ति स्वतःच्याच अवयवावर उलटली तरी अशी सूज येते, आणि ती स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं ओसरते. आपल्या देशांत क्षयाचाहि संभव ध्यानांत ठेवावा लागतो. चित्रांत हीं तिन्ही एकमेकांसारखीं दिसूं शकतात. म्हणून गांठींतील पेशीच पाहाव्या लागतात.

ही सोय १९९२ सालीं झाली. डेन्मार्कमधील पीटर विल्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुर्बिणींतून बारीक सुई पुढें सारून, ती पडद्यावर डोळ्यांदेखत चालवीत, स्वादुपिंडांतील गांठीचा नमुना घेतला. येथें घरोघर एक भीति उभी राहते : ‘सुई टोचल्यानें रोग पसरणार नाहीं ना?’ ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याचीं उदाहरणें नमूद आहेत, पण तीं विरळा. डोक्यांतील गांठीकरितां सुई बहुधा ग्रहणीच्या भिंतींतून जाते, आणि शस्त्रक्रिया झालीच तर तो भाग काढूनच टाकतात. शेपटाकडील गांठीसाठीं मात्र जठराच्या भिंतींतून जावें लागतें, व ती मागें उरते. म्हणून जेथें चित्र निःसंदिग्ध आहे व शस्त्रक्रिया करावयाचें ठरलेंच आहे, तेथें पुष्कळ शस्त्रवैद्य सुईवांचूनच पुढें जातात. उलट केमोथेरपी आधीं द्यावयाची असेल, तर पुरावा हातीं आल्याशिवाय ती सुरू करीत नाहींत.

आणखी एक सांगतों. ‘कर्करोगाच्या पेशी सांपडल्या नाहींत’ या निकालाचा अर्थ ‘कर्करोग नाहीं’ असा नव्हे. गांठ टणक असते, पेशी थोड्या हातीं लागतात; अशा वेळीं पेढे वाटण्याची घाई करूं नये. संशय बळकट असल्यास सुई पुन्हां टोचावी लागते, आणि हें रोग्याच्या घरच्यांना पहिल्याच दिवशीं सांगितलेलें बरें, असें माझें मत आहे.

जेथें सुई जाते, तेथें उपचारहि जातो. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहानंतर भोंवतीं द्रव सांचून कधीं कधीं त्याची पिशवी बनते, आणि तींत सडलेला भाग व पूंहि असूं शकतो. सुमारें चार आठवड्यांनीं तिची भिंत पक्की झाली म्हणजे जठरांतूनच छिद्र पाडून डमरूच्या आकाराची जाळीदार धातूची नळी बसवितात. दोन्ही तोंडें रुंद असल्यानें ती सहसा सरकत नाहीं, व सांचलेला द्रव जठरांत उतरतो. नेदरलंडमध्यें झालेली एक तौलनिक चाचणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. जंतुसंसर्ग होऊन सडलेल्या स्वादुपिंडावर या मार्गानें उपचार केला काय किंवा टप्प्याटप्प्याची शस्त्रक्रिया केली काय, मृत्यु व मोठे उपद्रव यांत फरक आढळला नाहीं. पण या मार्गानें गेलेल्यांत स्वादुरस बाहेर पाझरत राहण्याचें प्रमाण कमी व इस्पितळांतील मुक्काम थोडका होता. ही नळी मात्र विसरून चालत नाहीं. तीन-चार आठवड्यांनीं पाहून ती काढावी लागते. राहिल्यास रक्तस्रावाचें भय असतें. पित्ताचा मार्ग नेहमींच्या उपायानें मोकळा होत नसेल तर नवी वाट काढणें, किंवा कर्करोगाच्या असह्य वेदनेंत मज्जातंतूंच्या जाळ्यापाशीं अल्कोहोल टोचणें, हींहि कामें याच दुर्बिणीनें होतात.

प्रत्येक पोटदुखीला ही तपासणी नको. तिचें यश करणाऱ्याच्या हातावर व अभ्यासावर पुष्कळ अवलंबून असतें, आणि रक्तस्राव, आंतड्यास छिद्र वा स्वादुपिंडाचा दाह हे धोके थोडे असले तरी आहेत. आधीं निदान सहा-आठ तास पोट रिकामें ठेवावें लागतें. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालूं असेल तर डॉक्टरांस अगोदर सांगावें, आणि त्या गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत. गुंगीचा अंमल असल्यानें त्या दिवशीं वाहन चालवूं नये. बरोबर घरचें माणूस असावें. नंतर पोटांत तीव्र कळा, ताप किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर फोनवर सल्ला विचारीत न बसतां रोग्याला थेट इस्पितळांत न्यावें.