मोटारीची धूरनळी किती रुंद असावी?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातूरकडे जातांना रस्त्याच्या कडेस जीं लहान लहान गॅरेजें लागतात, त्यांच्या दारांत गंजून तुटलेल्या नळ्यांचे ढीग दृष्टीस पडतात. ज्या कुटुंबानें जुनी लहान मोटार घेतली, त्यास या नळीचा प्रश्न आज ना उद्यां पडावयाचाच. नळीस भोंक पडतें, आवाज फुटतो, आणि वेल्डिंगवाला विचारतो, "किती इंची पाईप टाकूं?" घरांतील तरुण चिरंजीव बहुधा तत्काळ उत्तर देतात, "मोठा टाका, गाडी पळेल." या उत्तरांत कितपत तथ्य आहे, तें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. त्यासाठीं कागद, पेन्सिल आणि वर्तुळाचें क्षेत्रफळ काढण्याची शाळेंतील रीति एवढें साहित्य पुरेसें आहे.

उदाहरणादाखल मारुति 800 ही सर्वांच्या परिचयाची गाडी घेऊं. 1983 पासून 2014 पर्यंत ती तयार होत होती. तिच्या इंजिनास तीन सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास 68.5 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 72 मिलिमीटर. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा. तिघांचें मिळून 796 घन सेंटिमीटर होतें. हें चार टप्प्यांचें इंजिन असल्यामुळें प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांस एकदां नवी हवा घेतो व एकदां धूर बाहेर टाकतो. इंजिन मिनिटास 5000 फेरे घेत असेल, तर 2500 वेळां 796 घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 1990 लिटर हवा आंत यावयास पाहिजे. परंतु झडपांची वाट अरुंद असल्यामुळें सिलिंडर पूर्ण भरत नाहीं. चार पंचमांश भरतो असें धरिलें, तर मिनिटास 1600 लिटर, म्हणजे सेकंदास सुमारे साडेसव्वीस लिटर हवा येते.

येथेंच कित्येकांचा हिशेब चुकतो. आंत गेली ती थंड हवा. बाहेर येतो तो तप्त धूर. हवा 27 अंशांची आणि नळीच्या तोंडाशीं धूर 627 अंशांचा मानिला, तर निरपेक्ष मापानें 300 चे 900 झाले, आणि त्याच प्रमाणांत आकारमानही तिप्पट झालें. तेव्हां नळीस सेकंदाला 80 लिटर धूर वाहून न्यावा लागतो. आंतील व्यास 32 मिलिमीटर असेल, तर हा धूर सेकंदास 100 मीटर गतीनें धांवेल. म्हणजे ताशीं 360 किलोमीटर! व्यास 38 केला तर गति 70 मीटरांवर येते, आणि 50 केला तर अवघी 41 मीटर उरते.

नळी अरुंद असली कीं धुरास ढकलण्यांत दट्ट्याची शक्ति खर्च होते, हें खरें आहे. धूर तितकाच असतां नळीचा विरोध व्यासाच्या सुमारे पांचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणांत बदलतो. 32 ऐवजीं 38 ची नळी घातली तर विरोध निम्म्याहून कमी होतो, आणि 50 ची घातली तर त्याचाही चौथा हिस्सा उरतो. हें ऐकून चिरंजीवांस आनंद होईल. पण पुढचें गणितही करावें. सुमारे तीन मीटर लांबीच्या नळींत हा विरोध 32 च्या व्यासास वातावरणाच्या दाबाच्या एकदशांशाच्या आसपास, 38 ला तीन-चार शतांश, आणि 50 ला एक शतांश इतका येतो. उलट, पूर्ण जोरांत चालणाऱ्या या इंजिनाच्या दट्ट्यावर सरासरी उपयुक्त दाब सुमारे आठ वातावरणांचा असतो. म्हणजे 38 ची नळी काढून 50 ची घातल्यानें झालेला लाभ शेंकडा अर्धाही भरत नाहीं. सुमारे 37 अश्वशक्तींच्या इंजिनांत तो पाव अश्वशक्तीहूनही कमी ठरतो; आणि तोही इंजिन 5000 फेऱ्यांवर असेल तेव्हांच!

आतां अहमदपुराच्या रस्त्यावर ताशीं साठ किलोमीटरांनीं जाणारें कुटुंब डोळ्यांपुढें आणा. इंजिन सुमारे अडीच ते तीन हजार फेऱ्यांवर असतें, पायही अर्धाच दाबलेला असतो. धुराचें प्रमाण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतें. 50 च्या नळींत तो रेंगाळत चालतो व लवकर थंड होतो. एक लिटर पेट्रोल जळलें कीं जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. थंड नळींत ही वाफ ओल धरते, आणि गंज लागतो. बाजारांतल्या बाजारांत फिरणाऱ्या गाडीची नळी लांबच्या प्रवासाच्या गाडीपेक्षां लवकर सडते, तिचें कारणही हेंच.

इंजिनास मागून थोडा दाब लागतोच, असें पुष्कळ मिस्त्री सांगतात. दाबानें इंजिनाचें कांहींच भलें होत नाहीं. भलें होतें तें वेगाचें. झडप उघडतांच धुराची एक लाट नळींतून धांवते आणि नळी जेथें रुंद होते वा संपते, तेथून विरळ दाबाची लाट उलटून येते. ती योग्य क्षणीं झडपेपाशीं पोंचली, तर उरलेला धूर ओढून घेते. फाजील रुंद नळींत ही लाट दुबळी पडते. मिस्त्र्याचा अनुभव खरा आहे. कारण मात्र निराळें आहे.

मग नळी निवडावी कशी? कारखान्यानें घातलेल्या मूळ नळीचा आंतील व्यास मोजावा. बाहेरील नव्हे, कारण बाजारांतील नळ्यांची जाडी एकसारखी नसते. हिशेबानें अशा इंजिनास 35 ते 38 मिलिमीटर पुरेसे होतात. मागें मागें धूर थंड होऊन आकसतो, म्हणून शेवटचा तुकडा किंचित् अरुंद असला तरी चालतें; इंजिनाजवळचा मात्र अरुंद नसावा. वांकवितांना नळी चेपली, तर 38 ची नळी त्या जागीं 30 ची होते, आणि मग बाकीची रुंदी फुकट जाते. माझ्या मतें व्यासाच्या वादापेक्षां या चेपण्याकडे अधिक लक्ष द्यावें. नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतें, तें सुमारे अडीचशें-तीनशें अंश तापल्यावांचून नीट काम करीत नाहीं. तें काढून साधी नळी जोडून देण्याची सूचना कोणीं केल्यास ती मानूं नये.

राहिला आवाज. रुंद नळीचा घुमणारा आवाज म्हणजे शक्ति, असा तरुणांचा समज असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील नियम 120 प्रमाणें प्रत्येक गाडीस सायलेन्सर आवश्यक आहे, आणि आवाजाची मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणें दंड होतो. महाराष्ट्रांतील कित्येक शहरांत पोलिसांनीं दुचाकींचे असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखालीं चिरडले आहेत.

पालकांनीं एक गोष्ट स्वतः पाहावी. जोडकाम झाल्यावर गाडी मोकळ्या जागेंत चालू करावी, आणि सहाय्यकानें जाड ओला फडका शेवटच्या तोंडाशीं क्षणभर धरावा. सांध्यांतून फुस्स असा आवाज आला, तर तेथून धूर गळतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नसतो व वासही नसतो. थंडीच्या दिवसांत कांचा बंद करून निघालेल्या गाडींत तो तळाच्या भोंकांतून शिरूं शकतो. म्हणून नळीचें टोंक गाडीच्या मागल्या कडेच्या बाहेर आलें आहे कीं नाहीं, हें वेल्डिंगवाल्यास पैसे देण्यापूर्वीं वांकून पाहून घ्यावें.