विषाची मोजदाद (लेखांक 6) : ओसरीचा पंचनामा

गेल्या लेखांकात हवेत तरंगणाऱ्या विषबाष्पांचा विचार झाला. आज तेच विष खाली बसून जेथे मुक्काम करते, त्या पृष्ठभागांकडे वळू. अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी फर्दापूरजवळ प्रवाशांच्या गाड्या थांबवून त्यांना सुमारे 4 किलोमीटर पुढच्या लेण्यांपर्यंत कमी धूर सोडणाऱ्या बसगाड्यांतून नेण्याची जी तजवीज सरकारने केली, तिच्या मुळाशी भित्तिचित्रांना धुराचा उपसर्ग होऊ नये ही यथार्थ चिंता आहे. परंतु त्याच मुलखात कपाशीवर फवारणी करून परतलेला मजूर पाठीवरचा पंप ज्या ओसरीत उतरवितो, त्या ओसरीचीही तितक्याच आस्थेने विचारपूस व्हावी, असे मला मनापासून वाटते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात पोहोचले, हे विसरता येण्याजोगे नाही.

डोळ्यांना स्वच्छ दिसणारी फरशी निर्विष असतेच असे नाही. सबब तिची जबानी पुसूनच घ्यावी लागते. 10 सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौकोन कापलेली पट्टी फरशीवर ठेवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या निर्जंतुक कापडाने तेवढाच भाग एका दिशेने नागमोडी पुसावा, मळकी बाजू आत घडी घालून काटकोनातील दिशेने पुन्हा पुसावा, आणि ते कापड काचेच्या बाटलीत बंद करून, स्थळ-वेळेची नोंद करून, थंड व अंधाऱ्या पेटीतून प्रयोगशाळेकडे रवाना करावे. प्रत्येक नमुन्यास नवे हातमोजे हवेत. याखेरीज काहीही न पुसलेले एक कोरे कापडही तसेच ओलावून, तसेच बंद करून सोबत धाडतात. त्यात विष आढळले तर दोष फरशीचा नसून नमुना घेणाराच्या हाताचा अथवा सामानाचा ठरतो. माझ्या मते साऱ्या पद्धतीतील सर्वांत प्रामाणिक साक्षीदार हे कोरे कापडच होय. फलित प्रति 100 चौरस सेंटिमीटर इतके मायक्रोग्रॅम, असे मांडतात.

दाराच्या कडीवर चौकोन बसत नाही. ती संपूर्ण पुसून क्षेत्रफळ अदमासाने धरतात. मातीच्या भिंतीत वा लाकडात विष मुरते, तेथे पुसणे अपुरे पडते आणि वरचा थर खरवडून घ्यावा लागतो.

जागच्या जागी परीक्षा करणारा एक कागदही आहे. त्यातील कोलिनेस्टरेझ हे द्रव्य शाबूत असेल तर निळा रंग उमटतो. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस वा कार्बामेट वर्गातील विषाने ते निकामी झाले तर कागद पांढराच राहतो. रंग उमटला नाही म्हणजेच धोका, हे ध्यानात ठेवावे. मात्र सायपरमेथ्रिनचा माग या कागदाला लागत नाही, म्हणून निळ्या रंगावर विसंबून ओसरीला निर्दोषत्वाचा दाखला देऊ नये.

वाचकांना विनंती इतकीच, की प्रयोगशाळेचा अहवाल येवो न येवो, फवारणीचा पंप व त्या वेळचे कपडे आजपासून घराबाहेर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवावेत.