नवे काय वाचावे?

ग्रंथालयात ‘‘नवीन काही आहे का?’’ असे विचारले, की बहुधा ‘ययाति’ किंवा ‘मृत्युंजय’ हाती पडते. दोन्ही थोर, पण पहिली १९५९ ची, दुसरी १९६७ ची. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट असते त्यांना नवी नावे घरीच कळतात. घरातून कॉलेजात येणारे आपणच पहिले असलो, तर नवे पुस्तक अभ्यासक्रमात लागेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि तोवर ते जुने झालेले असते.

म्हणून मी एक साधा मार्ग धरला आहे. आपल्या घरात जे चालते, त्यावर कोणी लिहिले आहे काय, ते आधी पाहावे.

माझी आई ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. तेव्हा पहिले नाव देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’चे. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. तयार कपड्यांच्या लाटेत लहान गावातल्या शिंप्याचा धंदा कसा उसवत जातो, ते या छोट्या कादंबरीत आहे. तिला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. काही पाने मी आईला वाचून दाखवली. मशीन थांबवून ती म्हणाली, ‘‘ह्याला हे सगळं कसं ठाऊक?’’ समीक्षेच्या तासाला याहून चांगला अभिप्राय मी ऐकलेला नाही. (सरांनी राग मानू नये!)

आत्मकथनांत शरद बाविस्कर यांचे ‘भुरा’ (२०२१) घ्यावे. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातला, दहावीत नापास झालेला मुलगा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंचचा प्राध्यापक होतो. एवढ्यावरून ते ‘यशस्वी कसे व्हावे’ छापाचे वाटेल. तसे ते नाही. तत्त्वचिंतनाची काही पाने मात्र जड आहेत. मी ती दोनदा वाचली, तरी पुरती उलगडली नाहीत.

माझ्या सर्वांत जवळची ठरली ती कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. धरणासाठी उठवलेली माणसे आणि जुन्या गावी मागे राहिलेली जनावरे, असा तिचा विषय. आपल्या पुण्याचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगावचे. कोथरूडहून पौड रस्त्याने सरळ गेले की मुळशी. तेथील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. माझ्या आजीचे माहेर त्याच खोऱ्यातले. ‘‘आमचं जुनं गाव पाण्याखाली हाय,’’ एवढेच ती सांगे. ‘रिंगाण’ संपल्यावर मी राजेंद्र व्होरा यांचे मुळशी सत्याग्रहावरील पुस्तक शोधले. ते नवे नाही. पण जमीन कोणाची गेली, निर्णय कोणी घेतला, हे कादंबरीने मनात उभे केलेले प्रश्न तेथे पुढे नेता येतात. कथा आणि इतिहास अशा जोडीने वाचून पाहावेत.

विकत घेणे परवडले नाही, तर १८४८ मध्ये स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे. २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबरात पुस्तक महोत्सवही भरू लागला. तेथे उभ्याने दहा पाने वाचली तरी कोणी हटकत नाही. आपल्या ग्रंथालयातील ‘रिंगाण’ची प्रत सध्या माझ्याकडे आहे. परीक्षेपूर्वी परत करीन.